रस्त्याचा हक्क

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारा रस्ता आता सहलीचा रस्ता झाला आहे. रविवारी सकाळी मीरा रोड, भाईंदर, अगदी दहिसर-बोरिवलीकडूनही गाड्या या दिशेने निघतात. मुर्धा, राई, मोर्वा ही जुनी गावे, त्यांच्या आसपास पसरलेली मिठागरे, पुढे डोंगरीची टेकडी, उत्तनचे कोळीवाडे, चौकचा उंचवटा आणि तिथून दक्षिणेला गोराई, मनोरी. सगळा मिळून तास-दीड तासाचा प्रवास. गोराई आणि मनोरी मुंबई महापालिकेच्या हद्दीत मोडतात, पण गाडीने तिथे पोचायचे तर भाईंदरवरूनच जावे लागते. नाहीतर खाडी बोटीने ओलांडायची. मुंबईची ही दोन गावे रस्त्याने मुंबईला जोडलेली नाहीत, म्हणूनच तिथली झाडी आणि शांतता काही प्रमाणात टिकून आहे.

या रस्त्याची ओळख करून देताना ‘निसर्गरम्य’ आणि ‘ऐतिहासिक’ असे दोन शब्द नेहमी जोडीने वापरले जातात. पहिल्या शब्दाबद्दल वाद नाही. समुद्र, खाडी, टेकडी, ताडामाडाची झाडे डोळ्यांना दिसतात आणि मन प्रसन्न होते. दुसरा शब्द इतका सोपा नाही. एखादी जागा ऐतिहासिक आहे, म्हणजे तिथे कोणीतरी लढले, मेले, जिंकले, देशोधडीला लागले. अशा जागी आपण डबा घेऊन जातो, फोटो काढतो आणि संध्याकाळी घरी परततो. यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच आहे की, आपण त्या जागेचे काही देणे लागतो का? आणि ज्याच्या बापजाद्यांचा त्या जागेशी काही संबंध नव्हता, तोही काही देणे लागतो का?

हदीसमध्ये रस्त्याच्या हक्काची एक गोष्ट येते. रस्त्यावर बसत जाऊ नका, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले, तेव्हा सहकाऱ्यांनी अडचण मांडली की बसण्या-बोलण्यासाठी आम्हाला दुसरी जागा नाही. त्यावर त्यांना सांगितले गेले की, मग रस्त्याला त्याचा हक्क द्या. तो हक्क कोणता, तर नजर आवरणे, कोणाला त्रास न देणे, सलामाला उत्तर देणे, भल्याचे सांगणे आणि बुऱ्यापासून रोखणे. रस्ता निर्जीव आहे, त्याला हक्क कसा असेल, असे कोणी म्हणेल. पण तो हक्क अखेर माणसांचाच आहे. जे रस्त्यावरून जातात, जे रस्त्याकडेला राहतात, त्यांचा. इतिहासाने भरलेल्या रस्त्याच्या बाबतीत त्यात आणखी एका वर्गाची भर घालावी लागेल. जे त्या रस्त्यावरून पूर्वी गेले आणि आता स्वतःची बाजू मांडू शकत नाहीत, त्यांचा.

हे चार हक्क या रस्त्याला लावून पाहू.

पहिला हक्क नजरेचा. आपण बघतो काय आणि कसे? शहराच्या दुसऱ्या टोकाला, काशिमीऱ्याच्या पलीकडे खाडीकाठी घोडबंदरचा किल्ला आहे. नावातच त्या जागेचा व्यापार आहे. इथे घोडे उतरत. अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातून येणाऱ्या घोड्यांवर दख्खनच्या सगळ्या सत्ता अवलंबून होत्या. बहामनींनाही ते हवे होते आणि विजयनगरलाही. एकमेकांवर चाल करून जाणाऱ्या दोन्ही फौजांना घोडे पुरवणारा समुद्र एकच होता. पोर्तुगीजांनी घोडबंदरला किल्ला बांधला, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला, पुढे इंग्रजांकडे गेला.

चौकच्या उंचवट्यावर जंजिरे धारावीच्या तटाचे थोडे अवशेष आहेत. हे धारावी म्हणजे मुंबईतले नव्हे, हे खाडीच्या मुखाशी असलेले जुने धारावी बेट. समोर पाण्यापलीकडे वसईचा किल्ला दिसतो. वसईच्या बांधकामासाठी लागणारा दगड पोर्तुगीजांनी याच बेटावरून नेला. वसईत शिरणाऱ्या प्रत्येक जहाजावर इथून नजर ठेवता येई. साहजिकच चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत या टेकडीसाठी पुन्हा पुन्हा झुंज झाली. १७३९ च्या मार्चमध्ये धारावी मराठ्यांच्या हाती पक्की आली आणि मे महिन्यात वसई पडली.

त्याच्या दोनशे वर्षे आधी हा मुलूख गुजरातच्या सुलतानाचा होता. हुमायूनच्या चढाईची धास्ती घेतलेल्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या आसपासचा प्रदेश पोर्तुगीजांना देऊन टाकला. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजाने शेजारची मुंबई बहिणीच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांनी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. या सर्व कागदांवर राजांची, सरदारांची, वकिलांची नावे आहेत. उत्तनच्या कोळ्याला, राईच्या आगऱ्याला, मिठागरात राबणाऱ्या माणसाला कोणी काही विचारले नव्हते. तो मात्र प्रत्येक राजवटीत होता तिथेच होता.

हा इतिहास आपण साधारणपणे दोन प्रकारे बघतो. एक प्रकार तमाशाचा. पडका बुरूज दिसला, छान आहे म्हटले, पुढे निघालो. दुसरा प्रकार हिशेबाचा. इथे कोण जिंकले? आपले की त्यांचे? आपले जिंकले असतील तर छाती फुगते, हरले असतील तर मान खाली जाते किंवा मनात राग साठतो. आज महाराष्ट्रातल्या बहुतेक किल्ल्यांवर हा दुसरा प्रकार जोरात आहे. आणि तो फक्त बहुसंख्याकांमध्ये आहे असे समजण्याचे कारण नाही. मुसलमान प्रवासीही किल्ल्यात शिरताना आधी एखादी कमान, एखादी कबर, फारसी अक्षरांचा एखादा शिलालेख शोधतो. तो सापडला की त्याला बरे वाटते. न सापडला तर ही जागा आपली नव्हे, असे त्याच्या मनात येते.

कुरआनमध्ये जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. या पाहण्याला जोडून येणारा शब्द म्हणजे इब्रत. आपल्या बोलण्यात तो धडा किंवा ताकीद या अर्थाने येतो. पण त्याच्या अरबी धातूचा मूळ अर्थ ओलांडणे असा आहे. नदी ओलांडणे, या काठावरून त्या काठावर जाणे. इब्न खल्दूनने आपल्या मोठ्या इतिहासग्रंथाच्या नावात हाच शब्द घातला. म्हणजे जे डोळ्यांना दिसले ते ओलांडून त्याच्या अर्थापर्यंत पोचणे, ही इब्रत. तमाशा बघणारा अलीकडच्या काठावरच राहतो. हिशेब मांडणाराही तिथेच राहतो, फक्त रागावून राहतो. इब्रत घेणारा विचारतो की, ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनी ज्यांच्या हाती नव्हती त्यांचे काय केले?

या प्रश्नाने पाहिले की चित्र बदलते. बहादूरशहा मुसलमान होता म्हणून त्याच्या तहाची आपण लाज बाळगायची नाही आणि त्याच्या सल्तनतीचा अभिमानही मिरवायचा नाही. त्याने आपले तख्त वाचवण्यासाठी दुसऱ्यांची गावे देऊन टाकली, एवढे म्हणायचे. पोर्तुगीजांनी या मुलखात देवळे पाडली, मशिदी पाडल्या, धर्मांतरे घडवली, हेही म्हणायचे. मराठ्यांच्या विजयातही दोन्ही गोष्टी दिसतात. वसईच्या शरणागतीच्या करारात पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने, शस्त्रांसह बाहेर पडू दिले गेले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. त्याच मोहिमेतून चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच. उदारपणा आणि लूट एकाच फौजेच्या वाट्याची असू शकते. ज्याला यातली एकच गोष्ट दिसते, त्याने अर्धाच रस्ता पाहिला.

दुसरा हक्क, त्रास न देण्याचा. इथे इतिहास संपून आजचा दिवस सुरू होतो.

उत्तनच्या सहलीला जाणारा माणूस बांबूच्या मांडवांवर वाळणारे बोंबील पाहतो, रंगवलेल्या होड्या पाहतो आणि वळणावर कुठेतरी नाकाला रुमाल लावतो. मीरा-भाईंदर शहराचा कचरा गेली अनेक वर्षे उत्तनच्या धावगी डोंगरावर नेला जात आहे. तिथे लागणाऱ्या आगी, त्यांचा धूर, पावसाळ्यात उतारावरून शेताकडे आणि विहिरींकडे जाणारे घाण पाणी यांविरुद्ध गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा आंदोलने केली आहेत. १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांवर गेली होती. एवढ्या लोकांचा कचरा कुठेतरी जाणारच. तो जिथे आवाज कमी आहे तिथे जातो.

मीरा रोडच्या मुस्लिम वस्तीच्या दृष्टीने ही गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे. मुंबईत १९९२-९३ च्या दंगली झाल्या, त्यानंतर कितीतरी कुटुंबे जीव मुठीत धरून इथे आली. कोणी कर्ज काढले, कोणी दागिने विकले आणि एका खोलीचे घर घेतले. कोकणातून मुंबईत आलेली आणि मुंबईतून पुन्हा उठलेली कुटुंबेही त्यात होती. ज्याला एकदा घर सोडावे लागले आहे, त्याला सुरक्षित छप्पर म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. पण अन्याय सोसलेला माणूस आपोआप न्यायी होतो असे नाही. आपण सोसले, या जाणिवेत आपल्यामुळे दुसरा काय सोसतो आहे हे दिसेनासे होते. नया नगरातल्या घरातून सकाळी बाहेर पडणारी कचऱ्याची पिशवी शहराच्या इतर पिशव्यांबरोबर त्याच व्यवस्थेत जाते, जिचा भार उत्तनच्या गावांवर पडतो. आपल्यावर अन्याय करणारे कोण होते हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. उत्तनच्या विहिरीचे पाणी कोणामुळे बिघडते, असे तिथल्या बाईने विचारले तर उत्तर द्यायला कोण पुढे येईल?

यावर एक आक्षेप येईल आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आधीच अल्पसंख्य असलेल्या, संशयाच्या नजरेखाली जगणाऱ्या समाजाकडूनच ही जास्तीची नैतिकता का मागायची? शहराचा कचरा काही एका मोहल्ल्याचा नाही. निर्णय घेणारेही आपण नाही. आक्षेप खरा आहे. न्यायाचा तराजू दुर्बळाच्या हाती देऊन बलवानाला मोकळे सोडणे हा स्वतःच एक अन्याय आहे. पण इथे मागणी दंडाची नाही, शेजारधर्माची आहे. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क, यांत अल्पसंख्याकाला सूट नाही, कारण तो हक्क राज्याने दिलेला नाही आणि राज्य तो काढून घेऊ शकत नाही. नागरिक म्हणून आपली जी गणती कमी धरली जाते, तिच्यावरचा एक उपाय हाच आहे. जो आपल्या मोहल्ल्याच्या गटारासाठी पालिकेत जातो त्याला अर्जदार म्हणतात. जो उत्तनच्या धुरासाठीही जातो त्याला शहराचा रहिवासी म्हणतात. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करणे ही अगदी लहान गोष्ट आहे, पण तिची सुरुवात मोहल्ल्यातून, मदरशातून, सोसायटीच्या बैठकीतून होऊ शकते. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हे इमानाच्या शाखांमध्ये धरले आहे. कचऱ्याचा डोंगर त्यातून वगळण्याचे काही कारण दिसत नाही.

तिसरा हक्क सलामाला उत्तर देण्याचा. सलाम म्हणजे समोरच्याच्या असण्याची दखल. सहलीच्या रस्त्यावर नेमके हेच विसरले जाते. गावे म्हणजे फोटोमागचा पडदा होतात. उत्तन, डोंगरी, गोराई, मनोरी या गावांतला ख्रिस्ती समाज घरात मराठीच बोलतो, तिची त्याची स्वतःची बोली आहे, आणि चर्चमध्ये मराठीतून प्रार्थना होते. ‘तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी कसे?’ हा प्रश्न त्यांनी ऐकलेला असतो. ‘तुम्ही मुसलमान, मग एवढे चांगले मराठी कसे?’ हा प्रश्न आपण ऐकलेला असतो. दोन्ही प्रश्न विचारणारा माणूस वाईट नसतो, पण मराठीपणाची त्याची व्याख्या अपुरी असते. ज्याला हा प्रश्न टोचतो, त्याने दुसऱ्या टोचलेल्याला ओळखायला हवे. प्रत्यक्षात मीरा रोडचा मुसलमान आणि उत्तनचा ख्रिस्ती कोळी यांची गाठ मासळीच्या टोपलीपलीकडे फारशी पडत नाही. मध्ये अंतर आठ-दहा किलोमीटरचे आहे. वास्तविक कोकणी मुसलमान आणि कोळी यांना बोलायला समुद्रासारखा जुना विषय आहे. दोघांच्या घरांत तांडेल आणि खलाशी होऊन गेले, दोघांच्या घरांतल्या बायकांनी वादळाच्या रात्री दाराशी बसून वाट पाहिली.

चौथा हक्क, भल्याचे सांगण्याचा आणि बुऱ्यापासून रोखण्याचा. सहलीत तो मुख्यतः मुलांच्या वाट्याला येतो. चौकच्या टेकडीवर उभे राहून मूल विचारते, हा किल्ला कोणाचा? त्याला काय सांगायचे? मराठ्यांचा म्हटले तर पोर्तुगीजांनी नेलेला दगड राहून जातो. पोर्तुगीजांचा म्हटले तर लढून मेलेले मावळे राहून जातात. सुलतानाचा म्हटले तर ते अर्धसत्यही होत नाही. आणि ‘आपला नाही’ असे सांगितले, तर त्या मुलाला त्याच्याच शहरात पाहुणा करून ठेवल्यासारखे होते. आपल्याकडे यासाठी एक शब्द आहे, अमानत. जी वस्तू आपली नाही पण जिची राखण आपल्यावर आहे ती. अमानतीच्या वस्तूबद्दल ‘कोणाची’ यापेक्षा ‘कोणाकडे सोपवलेली’ हा प्रश्न मोठा असतो. ज्या पिढीच्या काळात किल्ला उभा आहे तिच्याकडे तो सोपवलेला आहे. त्या पिढीत भाड्याच्या घरात राहणारा, कालच गावाहून आलेला माणूसही येतो. अमानत सांभाळण्यासाठी वंशावळ दाखवावी लागत नाही.

याच भागात समुद्राच्या काठी बालेशाह पीर दर्गा आहे. तिथल्या बांधकामाचा वाद २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जमीन कोणाची, बांधकाम कधीचे, परवानगी होती की नव्हती, हे प्रश्न कायद्याचे आहेत आणि ते कायद्यानेच सुटायला हवेत, कागदपत्रे दाखवून, शांतपणे. बुलडोझरची घाई जशी वाईट तशी श्रद्धेच्या नावाने कागद टाळण्याची सवयही वाईट. पण एक गोष्ट न्यायालयाच्या कक्षेबाहेरची आहे. दर्गा धोक्यात आहे असे कळले की आपल्याला उत्तन आठवते. किल्ल्याचा दगड निखळतो, मिठागरे बुजतात, मेट्रोच्या कारशेडसाठी डोंगरीच्या टेकडीवरच्या हजारो झाडांवर कुऱ्हाडीची टांगती तलवार येते, तेव्हाही उत्तन आपल्याला आठवले असते, तर दर्ग्याबद्दल बोलताना आपल्या शब्दाला वेगळे वजन आले असते. जो सगळ्यांच्या वारशासाठी उभा राहतो, त्याला आपल्या वारशासाठी उभे राहताना कमी स्पष्टीकरण द्यावे लागते. हे केवळ डावपेच म्हणून नव्हे, तर खरोखर वाटते म्हणून व्हायला हवे. डावपेच लोकांना लगेच कळतात.

रस्त्यांचा विषय इथे संपत नाही, कारण रस्ते वाढणार आहेत. कोकणच्या किनाऱ्याने रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्ग न्यावा, ही कल्पना बॅ. अंतुले यांच्या नावाशी जोडली जाते. १९८० ते १९८२ या मुख्यमंत्रिपदाच्या काळात त्यांनी तिचा पाठपुरावा केला. किनाऱ्यावरच्या गावांना, त्यांत आंबेटपासून बाणकोट-दाभोळपर्यंतच्या मुस्लिम मोहल्ल्यांनाही, खाड्यांनी तोडून ठेवले होते. त्यांना रस्ता म्हणजे दवाखाना, कॉलेज आणि बाजार होता. म्हणून रस्त्याला सरसकट विरोध करणे हाही पोटभरल्यांचा शौक ठरू शकतो. आता मुंबईचा किनारी रस्ता वर्सोव्यापासून भाईंदरपर्यंत आणण्याची योजना आहे आणि उत्तन ते विरार असा सागरी सेतूही आखलेला आहे. मीरा-भाईंदरच्या नोकरदाराचा रोजचा छळ त्याने कमी होईल. पण त्यासाठी तिवरांची झाडे जातील, आणि ज्या पाण्यात उत्तनचे कोळी डोल लावतात त्या पाण्यात खांब उभे राहतील, ही त्यांची भीती आहे. सेतूला त्यांचा विरोध त्यातूनच आहे. १५३४ च्या तहात त्यांना कोणी विचारले नव्हते. तो सुलतानाचा काळ होता. आज लोकशाही आहे, जनसुनावणी आहे, हरकती नोंदवण्याची सोय आहे. एवढे असूनही त्यांना विचारल्यासारखेच केले गेले, तर पाचशे वर्षांत नेमके काय बदलले, हा प्रश्न त्या रस्त्याने वेगात जाणाऱ्या प्रत्येकाला लागू होईल.

म्हणून सहलीला जायचे थांबवू नये. जरूर जावे, मुलांना घेऊन जावे. घोडबंदरला घोड्यांची गोष्ट सांगावी, चौकला दगडाची आणि घंटेची. उत्तनच्या बाजारात मासळी घेताना भाव करण्याआधी विचारपूस करावी. आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणावा आणि तो पुढे कुठे जातो तेही मुलांना सांगावे. धावगी डोंगर सहलीच्या नकाशात नसतो. एकदा तरी गाडी तिकडच्या वळणावर थांबवावी आणि काच खाली करावी.